सूत्रांकडून कळते

आमची 'सूत्रं' म्हणजे खेडचा दाऊद मुकादम,
देरा दुबईत हॉटेलच्या तळघरात इस्त्री करतो.
कुणाच्या सदऱ्याला कुणाचं अत्तर,
नवराबायकोच्या खोलीतून एकाच उशीचा अभ्रा –
एका कॉलिंग कार्डात सांगतो सगळं.
मीठमसाला माझा. सही 'शबनम'.

काल म्हणाला, ती आली होती खाली,
स्वतः, अनवाणी, ओढणीवरचा डाग घेऊन.
स्टुलावर बसली. माझा उरलेला चहा प्यायली.
विचारत होती, घरी कधी गेला होतास?

डाग कसला होता?
दाऊदनं इस्त्रीवर पाणी शिंपडलं.
चर्र.
गेला, म्हणाला.

रात्री दीडला छपाईतून फोन:
शबनमबाई, चार इंच रिकामे जाताहेत.
मी नमाजाच्या वेळा
जरा मोठ्या टायपात लावल्या.