मार्डीच्या माळावर

पूर्व भागात, लूमच्या खडखडाटात
वाढलेला आमचा नल्ला
इथं झोपेचना.
तंबूची चेन नाकानं सरकवून
तीनदा बाहेर जाऊन आला,
अंगभर कुसळं घेऊन.

शेंगाचटणी, कडक भाकरी संपलेली.
निम्मी त्यानंच.

मग लांब, वडाळ्याच्या अंगाला,
लांडगा बोलला.
एकदाच.

नल्लाचे कान ताठ.
शेपूट ना वर, ना खाली.
घशात काहीतरी आलं त्याच्या
नऊ वर्षांत मी न ऐकलेलं.

पट्टा माझ्या मुठीत होता.
ओढला नाही.
सोडला, असंही नाही.

बऱ्याच वेळानं
ओलं नाक तळपायाला लागलं,
आणि खळीचा वास असलेल्या चादरीचं टोक
दातानं ओढत
तो माझ्याकडे पाठ करून निजला.