पुढं सत्तर, मागं पंच्याहत्तर

तेवीसचा टायर, एकशेवीस पौंड हवा.
जुनी रेसर विकणाऱ्यानं एवढंच बजावलं होतं,
टणक ठेव, म्हणजे पळते.
पळायची.
तुळजापूर रोडला पहाटे साडेपाचला
डांबरातला एकेक खडा
मनगटातून चढून दाढेत बसायचा
आणि मी त्यालाच वेग समजायचो.

हिप्परग्याच्या तलावाजवळ, वळणावर,
मी तिरका झालो नि पुढचं चाक
टणाटण उड्या मारत आपल्या वाटेनं गेलं.
कोपर सोललं.
ट्रॅक्टरवाल्यानं थांबून आधी सायकल उचलली.

अशोक चौकात अंबादास यनगंदुलांचं दुकान.
चौतीस वर्षं लूमवर, आता पंक्चर.
त्यांनी टायरला अंगठा लावला,
ताण्याला लावायचे तसा, सूत तुटायच्या आत.
"का बे, टायर आहे का दगड?"
मग टायर उतरवून आतून उलटा केला.
आत कापड!
तिरक्या धाग्यांचं, रबरात बुडालेलं.
"इंचाला साठ," नखानं मोजत म्हणाले,
"धाग्याला वाकू दे थोडं.
वाकला तर खडा गिळतो,
ताठ राहिला तर तुला फेकतो."

अठ्ठावीसचा बसवला. वर फोर्कमध्ये
पोस्टकार्ड जाईल एवढीच फट.
"वजन?" अडुसष्ट.
"पुढं सत्तर, मागं पंच्याहत्तर."

मला हाव सुटली. मऊ चांगलं तर अजून मऊ,
म्हणून चाळीसवर आणलं.
वळताना सायकल सैल बाजेसारखी झोल खायची,
सात रस्त्याच्या गतिरोधकावर रिम खाडकन आपटली,
ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं, साप चावल्यागत.
अंबादास हसले नाहीत.
"ढिल्या ताण्याला किनार धरत नाही," एवढंच.

आता ते वळण येतं तेव्हा
टायर खालच्या पट्टीत गुणगुणतो,
मी कललो की तोही जरा पसरून बसतो रस्त्यावर.
वाटलं, हळू झालो आपण.
घड्याळात बघितलं : अकरा सेकंद कमी.

त्यांच्या पंपाचा काटा कित्येक वर्षं तीसवर मेलेला.
तरी घरी येऊन मोजतो तर सत्तर, एकाहत्तर.
मे महिन्यात, चौक तापलेला असला की
दोन पौंड कमीच भरतात,
ऊन उरलेलं भरेल म्हणून.
मग अंगठा दाबतात, मान हलवतात, म्हणतात,
"चालु."
तेलुगूत त्याचा अर्थ पुरे.
मी मराठीत ऐकतो
आणि निघतो.