नाक म्हणजे चार

शहापुरात बाळेकुंद्री डॉक्टरांचा दवाखाना.
गच्चीवर एकच मशीन, खाली पाच खोल्या.
तांब्याचा पाइप मल्लेशी गुडघ्यावर वाकवतो,
सुरकुती पडू न देता.
मी पत्ते भरतो: एक, दोन, तीन,
चौथ्यालाही चुकून तीनच.

मग काय, एका घरात दोन परशराम.
हाक मारली की दोघंही ओ देतात.
रिमोट इकडं, वारं तिकडं,
आणि ड्रेसिंगच्या खोलीत गंगाक्का शिंकते.

"नाक हाको!" शिडीवरनं मल्लेशी.
कानडीत नाक म्हणजे चार. चार घाल, म्हणतोय.
टाचणीनं बारकी कळ सरकवली,
सगळं बंद करून पुन्हा चालू केलं.

चौथी आता आपल्याच नावाला बोलते.
खरं गंगाक्का अजून
पदरानं नाक धरून बसलीय.
आमचं नाक. मराठीतलं.