तळटीपा

हेल्सवर्थपासून पहिल्या घरापर्यंत चौदा मिनिटं.
तिथून समुद्राकडे, ट्रॅक्टर आडवा आला नाही तर, अकरा.
एवढ्यात एक पोप मरतो,
एक तह होतो आणि मोडतो,
नऊ वर्षांच्या एका मुलीचं लग्न
दोन देशांच्या सोयीने ठरतं.

वाचणाऱ्याचा आवाज घोटीव आहे.
बिशप आणि जल्लाद त्याला सारखेच.
फक्त कत्तलीच्या आधी तो आवंढा गिळतो,
किंवा माझ्या गाडीचा स्पीकर खरखरत असेल.

गेल्या मंगळवारी राजाला चौथऱ्यावर आणलं.
थंडीने कापलो तर लोक म्हणतील भ्याला,
म्हणून त्याने दोन सदरे घातलेले.
कुऱ्हाड वर गेली
आणि मिसेस थर्लोंचं फाटक आलं.
पॉज.

हातमोजे. साखर साडेअकरा. इन्सुलिन.
टाचेची जखम धुतली, नवी पट्टी.
हवेबद्दल जे म्हणायचं असतं ते दोघींनी म्हटलं.
निघताना त्यांनी विचारलं, बाहेर कुणी थांबलंय का तुझ्यासाठी?
नाही म्हटलं.
एक राजा थांबला होता, मान ठेवून,
चाळीस मिनिटं.

गाडीत बसले, चावी फिरवली,
आणि नेमकी तेव्हाच मला शिंक आली.
तेवढा शब्द हुकला.

नववीच्या पेपरात ‘टीपा लिहा’मध्ये धर्मसुधारणा यायची.
चार गुणांना. मला तीन मिळायचे.
वाटायचं, सुधारणा म्हणजे रस्त्याची करतात तशी :
खडी, डांबर, वरून रोलर.
इथल्या गावातल्या चर्चमध्ये ती खिळ्याने केलेली दिसते.
लाकडी फळ्यांवर बारा संत रांगेत उभे,
झग्यांच्या चुण्या शाबूत, सोन्याचा वर्ख शाबूत,
तोंडं तेवढी खरवडलेली.
तिथल्या घड्याळाला तीस वर्षं चावी देणारे मिस्टर ओर्विस
व्हीलचेअरमधून म्हणाले, आमच्याच लोकांनी केलं हे,
आणि असे ओशाळले की जणू काल दुपारचीच गोष्ट.

माझ्या आज्यानेही देव काढले होते घरातून.
छप्पन्नच्या ऑक्टोबरात, नागपूरहून हिंगणघाटला चालत परतल्यावर.
मरीमायचा दगड, पितळेचे तीन टाक.
कुठल्या राजाचं फर्मान नव्हतं.
आई सांगते, त्याने ते धुतले,
धुवट धोतराच्या फडक्यात बांधले
आणि वेणेच्या डोहात हळूच सोडले,
झोपलेलं मूल ठेवतात तसे.
काका सांगतो, छे,
आधी एकेकाला चप्पल मारली,
त्याच वर्षी आत्या तापाने गेली होती ना.
आमच्या घरात दोन्ही आवृत्त्या चालतात.
आज्याला विचारायचं राहिलं.

म्हणून मला कळत नाही
मी कुणाच्या बाजूने ऐकते आहे.
त्या तोंडांच्या, की खिळ्याच्या.

आज बाराव्या प्रकरणात तो म्हणाला,
‘आणि गावकऱ्यांनी नवा धर्म स्वीकारला.’
दीड श्वासाचं वाक्य.
लगेच परत राजवाडा, मेणबत्त्या, कुणाचा तरी घटस्फोट.
छापील पुस्तकात या ओळीच्या डोक्यावर
मुंगीएवढा एक आकडा असणार,
आणि पानाच्या पायथ्याशी, बारीक अक्षरात,
कुणाचं तरी नाव, गाव, कशाचा तरी दंड.
हा तळटीपा वाचत नाही.

पंधरा सेकंद मागे.
आणि गावकऱ्यांनी.
पुन्हा मागे.
आणि गावकऱ्यांनी.
त्यांतल्या कुणाची मुलगी तापाने गेली होती का?
खिळा धरलेला हात कापला का,
की खालचा एक सदरा त्यानेही जास्तीचा घातला होता?

पुढे बीटाने भरलेला ट्रॅक्टर आहे.
ओव्हरटेक करायला जागा नाही.
बरं झालं.
पंधरा सेकंद मागे.