दोन्ही डाव्या

कुत्रं आमचं नाही. आधी हे सांगून टाकतो.
माडीवरच्या भाडेकरूचं, ईरण्णाचं.
जनावरांचा डॉक्टर व्हायला शिकतोय तो.
'चार दिवस बघा, काका,' म्हणून बिदरला गेला
त्याला आज सतरा दिवस झाले.

तो त्याला मुत्तू म्हणतो.
शालननं दुसऱ्याच दिवशी बारसं केलं: मोत्या.
'अर्थ तोच की,' म्हणाली, 'मग बिघडलं कुठं?'
बिघडलं एवढंच, की मोत्या म्हटलं
की ते कंपाउंडच्या भिंतीकडं बघतं,
पलीकडच्या कुणाला तरी बोलावणं आलंय तसं.

जानेवारी. व्हॅक्सिन डेपोत पहाटे सहाला
धुकं असं बसलेलं, की झाडांना नुसते बुंधे.
दहिवरानं गवत पांढरं,
माकडटोपीच्या लोकरीला थेंब,
आणि चष्म्यावर माझाच श्वास.
साखळी मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळलेली.
(शालन म्हणाली होती, गुंडाळू नका.)

कुठंतरी मोर ओरडला.

पुढचं क्रमानं सांगता येत नाही.
माझ्यापुढं माझा हात गेला, हातापुढं कुत्रं,
आणि सगळ्यांच्या मागून मी, वय वर्षं एकसष्ट,
झाड लावायला खणलेल्या
आणि झाड न लावलेल्या खड्ड्यात बसलो.
पडलो म्हणत नाही.
पंगतीत पाटावर बसावं, तसा बसलो.
चष्मा गेला. उजवी चप्पल गेली.
साखळी गेली, तिचा वळ तेवढा राहिला.

'मोत्या! थांब! ये इकडं!'
धुकं आवाज खातं, उष्टंही ठेवत नाही.
चार हातांवरनं रिक्रूट पोरं धावत गेली.
खड्ड्यातनं मला दिसले फक्त बूट,
पुसट, एका तालात,
शंभर तरी असतील.
हाक मारली असती तर एकानं हात दिला असता.
मारली नाही.

चाळीस वर्षं झाली या गावात.
शहापूरच्या छापखान्यात कन्नड लग्नपत्रिका
जुळवल्या, हजारांनी, उलटे खिळे वाचत.
बोलायचं कन्नड मात्र माझं
हेस्कॉमच्या खिडकीपुरतं,
कंडक्टरच्या 'चिल्लर इल्ला'पुरतं,
वाढप्याला 'साकु, साकु' म्हणण्यापुरतं.
भांडायलाही पुरतं, वेळ आली तर.
त्या भाषेत कुणाला लाडानं हाक मारली असेल
असं काही आठवेना.

इकडंतिकडं बघितलं. कुणी नव्हतं.
असतं तरी दिसलं नसतं.
पहिल्यांदा घशातच राहिलं, मग हळू बाहेर आलं:
'बारो मुत्तू. बारो इल्ली.'

आलं.
साखळी दगडांवर वाजवत,
कान पाडून, शेपूट सगळ्या अंगाला लागलेली.
तोंडात चप्पल.
एवढा आनंद झाला मला, की
ती माझी नाही, हे जरा उशिरानंच कळलं.
आणि डावी होती.

चष्मा त्याच्याच पायाखाली सापडला, एक काडी कमी.
माझी उजवी शोधली, दोघांनी. नाही मिळाली.

उजव्या पायात डावी चप्पल घालून
रेल्वे गेटपर्यंत चालून बघा एकदा.
पाय सारखा दुसऱ्याच्या घरी निघतो.
मुत्तू शहाण्यासारखं बाजूनं,
जसं काही हे सगळं माझ्याच मनात होतं.

शालननं आधी पाय बघितले, मग चिखल, मग मला.
'गुंडाळली होती ना?'
मी गरम पाण्यात मनगट धरून उभा,
तेवढ्यात फोन. ईरण्णा.
'काका, मुत्तू त्रास देतोय काय री?'
'इल्ला,' म्हणालो. 'काही नाही.
आणखी आठ दिवस लागले तरी चालतंय.'

चप्पल फाटकाच्या खांबावर ठेवलीय.
निळा पट्टा, अंगठ्याजवळ सेफ्टी पिन.
शालन अजून मोत्याच म्हणते.
ते अजून भिंतीकडंच बघतं.