तेल न लावता या

चिठ्ठीवर आधीच छापलेलं असतं:
आदल्या दिवशी केस धुवा. तेल लावू नका.
पहाटे तीननंतर मुलाला झोपू देऊ नका.

मोक्षदा घाग, सात वर्षं चार महिने,
तीनपासून जागी.
प्रतीक्षानगर ते परळ आईने तिला
दुकानांच्या पाट्या वाचायला लावल्या,
बंद शटरांवरच्यासुद्धा.

मी लाल पेन्सिलीने डोकं मोजते.
नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत,
या कानापासून त्या कानापर्यंत.
एकवीस खुणा, एकवीस वायरी,
थंडगार पेस्ट, वर गॉजची टोपी.
राणी दिसतेस, म्हणते मी.
एकोणीस वर्षं हेच म्हणते, मुलगा असेल तर राजा.
ती हसत नाही.

मग कागदी भिरभिरं. फुंक. अजून फुंक.
पडद्यावर रेघा आधी शहाण्यासारख्या चालतात,
मग एका कोपऱ्यात एक टोक उठतं,
शेजारचं उठतं,
आणि अख्खी चाळ जागी होते.
तिचे डोळे तिथेच असतात. ती नसते.
आई ओठांतल्या ओठांत मोजते: अठरा.
मशीनही अठराच म्हणतं.

आईकडे वही आहे.
तिसरं औषध सुरू केलं ती तारीख,
चौथं सोसलं नाही ती तारीख,
'मे महिन्यात नऊ दिवस एकही नाही',
त्याखाली दोन रेघा.
शेवटच्या पानावर कुणीच न मागितलेली यादी:
चारचा पाढा गेला.
मावशीचं नाव गेलं.
पंख्याला 'ते गरगर' म्हणाली.
"मॅडम, आकडी मिनिटभराची.
मग उरलेल्या दिवसात हे सगळं कोण नेतं?"

माझं काम रेघांपुरतं.
उत्तर द्यायची मला परवानगी नाही.

दुपारी डॉक्टर बिलिमोरियांनी दुसरं चित्र उघडलं,
गेल्या महिन्यात एमआरआयच्या बोगद्यात
ती नुसती पडून होती तेव्हाचं.
काहीच करू नकोस म्हटल्यावर मेंदू जे करतो, ते.
ठिपके, आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या दोऱ्या.
जवळचे ठिपके भिंतीला भिंत लावून,
त्यांची रात्रंदिवस कुजबुज.
लांबच्या दोऱ्या विरलेल्या,
पुढून मागे जाणारी एक तर नावापुरती.
"आकडी नसतानाही," डॉक्टर दोनदा म्हणाले.
आकडीची पायवाट रुंद होत जाते,
बाकीच्या वाटांवर गवत.

मग त्यांनी पेन उजवीकडे नेलं.
"बोलणं बहुतेकांचं डावीकडे असतं.
हिचं बरंचसं इकडे सरकलंय.
जागा अडचणीची आहे, पण चालतंय."

आई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली.
"म्हणजे बिऱ्हाड हललं."
डॉक्टरांना शब्द कळला नाही. मी सांगितला.
"आम्हीपण अकरा वर्षं ट्रान्झिटात," ती म्हणाली,
"दोन वर्षांचं सांगून नेलं होतं.
लालबागच्या खोलीच्या जागी आता खड्डा आहे,
त्यात पाणी, पाण्यात कुणाचा तरी पलंग.
पण इथे गॅस पेटतो. हीपण इथलीच, कॅम्पातली."
मग आवाज खाली आणून:
"मूळ जागी परत देतात का हो?"

ऑपरेशन, पाचवं औषध, भात बंद करून तुपाचं जेवण,
डॉक्टर एकेक सांगत गेले.
'परत' हा शब्द त्यांनी वापरला नाही.

मी कोमट बोळ्याने पेस्ट काढते, केसांत अडकलेली.
मोक्षदा मान वर करून छताकडे बघते.
तोंड उघडं.
काहीतरी निघालंय कुठूनतरी,
लांबच्या रस्त्याने.
"पं," म्हणते. थांबते.
आई शब्द पुरवत नाही.
पिशवीतून चपटी बाटली काढते फक्त,
"आता लावू ना तेल?"

लावा, म्हणते मी.
तेलाखाली लाल खुणा
आणखीच ठळक दिसतात.