तीन हिसके

आमच्या गावात छत्र्या विकायला कुणी बसत नाही.
बसलाच, तर उन्हासाठी.
छपरं मातीची, बोरूच्या काड्यांवर थापलेली;
पन्हळ कशी असते, ते पोरांना चित्रात दाखवावं लागतं.
नदीच्या पात्रात आठवड्याचा बाजार भरतो,
खाणीचे ट्रक रात्री तिथेच झोपतात,
दोन दगड ठेवले की तेच फुटबॉलचं मैदान.
नकाशावर ती निळी आहे.
आम्ही हसतो.

मीही हसायचे. आता पालिका माझ्या हाती
निळ्या रंगाचा डबा देते, म्हणते
घरोघर जा, रेघ मार:
पाणी इथवर येऊ शकतं.
रेघ माझ्या खांद्याला लागते.
"जरा खाली मार," बेकरीवाला नोल्बेर्तो म्हणाला,
"गिऱ्हाईक बिचकतं."

मी त्याला अँडीज पर्वत दाखवला.
ढग तिथे फुटेल, इथून पाच तासांवर.
इथे तेव्हा चांदणं असेल, नोल्बेर्तो,
पावसाचा टिपूस नाही, कुत्रीसुद्धा निवांत.
आणि येईल ते पाणी म्हणून येणारच नाही.
चिखल येईल, खाणीतल्या तांब्याचा वास घेऊन,
दगडावर दगड आपटत;
आधी कानाला कळेल, मग पायाला.
"म्हणजे ऐकू येईल ना?"
येईल. ज्याला येतं त्याला.

एदुविना पंचाहत्तरीची, ठार बहिरी.
ओठ वाचते. अंधारात ओठ कुठले?
झोपते पात्राला पाठ लावलेल्या खोलीत.
माझ्या यादीत प्रश्न होते:
कागदपत्रं प्लास्टिकमध्ये आहेत? औषधं? टॉर्च?
जुन्या रेल्वे फलाटाची चढण अंधारात सापडेल?
तिनं सगळ्याला मान डोलावली, डबा उघडून दाखवला:
बिस्किटं, बॅटऱ्या, घराचा कागद, नवऱ्याचा फोटो,
वर एक लिंबू.
लिंबाचं मी विचारलं नाही.
आणि "तुम्हाला उठवणार कोण?"
हे यादीतच नव्हतं.

ते सोडवलं शेजारच्या येर्कोनं. वय अकरा.
किनाऱ्यावरच्या मामाकडून मासेमारीची दोरी आणली,
आपल्या खिडकीच्या कडीला बांधली,
गल्लीवरून तिच्या खिडकीत नेली,
आणि टोक तिच्या पायाच्या अंगठ्याला.
एक हिसका: झोप आता.
दोन: उद्या पाव मी आणतो.
तीन: नदी.

तहान लागल्यावर विहीर खणू नये,
हे आम्हाला कोण शिकवणार?
आम्ही धुक्याला जाळी लावून थेंब जमवणारी माणसं.
पण पाणी नको असेल तेव्हा काय करावं
याची म्हण आमच्याकडे नाही.
तोवर ही दोरी.

जानेवारीत सराव झाला. रात्री भोंगा वाजला.
अर्धं गाव खिडक्यांत,
कोण कोण पळतं ते बघायला.
नोल्बेर्तो निघाला, पण पिठाची गोणी खांद्यावर घेऊन;
चढणीच्या मध्यावर तिच्यावरच बसला.
फलाटावर सगळ्यांच्या आधी एदुविना.
एका पायात चप्पल, दुसऱ्याच्या अंगठ्याला दोरी,
दोरीच्या मागे फरफटत आलेली
येर्कोच्या खिडकीची कडी.
डब्यातून तिनं लिंबू काढलं, दातांनी फोडलं, चोखलं.
"चढण आहे ना," म्हणाली,
अर्धं मला दिलं.

परतताना पात्रात पाहिलं.
चार ट्रक, तिथेच. भोंग्याला न जुमानता घोरणारे.
आभाळ निरभ्र, एकूण एक तारा जागेवर.
एकेकाची काच ठोठावत गेले.
"पाऊस कुठाय?" एकानं डोळे चोळत विचारलं.
मी पूर्वेकडे बोट केलं,
जिथे त्याला
काहीच दिसत नव्हतं.